गणित बरोबर, जागा चुकीची

गेल्या ऑक्टोबरात आमच्या मंडळाची पायी भटकंती होती, पीक डिस्ट्रिक्टमध्ये. आम्ही अठरा-वीस जण होतो. त्यात चार-पाच मुलं, आणि पुण्याहून दोन महिन्यांसाठी आलेले एकाचे आईवडील. गाड्या खाली लावून सगळ्यांनी आपापल्या सोयीनं वर चालत यायचं आणि दगडी कुंपणातल्या एका लाकडी फाटकापाशी भेटायचं, असं ठरलं होतं. फाटक नकाशावर होतं, त्याचा ग्रिड संदर्भही ठाऊक होता. पण "दोन अक्षरं आणि सहा आकडे कोण वाचत बसणार, फोनमध्ये टाकता येईल असं काहीतरी द्या" अशी मागणी आली. मग आमच्यातल्या एका निवृत्त काकांनी त्या ग्रिड संदर्भाचे अक्षांश-रेखांश काढून व्हॉट्सॲपवर टाकले. काका सिव्हिल इंजिनिअर. एक्सेलमध्ये स्वतः सूत्रं बसवून त्यांनी हे काम केलं होतं.

सकाळी दाट धुकं होतं. ज्यांच्या हातात कागदी नकाशा होता ते फाटकापाशी पोचले. जे फोनवरच्या टाचणीच्या मागे गेले ते ओढा ओलांडून कुणाच्या तरी मेंढ्यांच्या रानात पोचले. दोन्ही गटांत अंतर होतं शंभरेक मीटर. एरवी हाक मारली असती तर ऐकू गेली असती, पण वारा होता, धुकं होतं आणि फोनला रेंज नव्हती. पाऊण तास दोन्ही गट एकमेकांची वाट पाहत, थंडीत कुडकुडत उभे राहिले. पुढे गाठ पडली, चहा झाला, हसण्यावारी गेलं.

पण काका काही केल्या मानायला तयार नव्हते. "अरे, माझा आकडा चुकलेलाच नाही. सूत्रं खुद्द ऑर्डनन्स सर्व्हेच्या पुस्तिकेतली आहेत. एकेक पायरी तपासून बघ." घरी येऊन मी खरंच तपासली. काका म्हणत होते ते खरं होतं. एकही बेरीज-वजाबाकी चुकली नव्हती. त्यांचा आकडा सेंटीमीटरपर्यंत बरोबर होता आणि जागा शंभर मीटर चुकीची होती.

हे कसं होतं ते आधी सांगतो. मग माझं म्हणणं मांडतो. ते थोडक्यात असं: अक्षांश-रेखांशाचा आकडा कोणत्या डेटमवरचा आहे आणि तो किती मीटरपर्यंत खरा आहे, हे सोबत लिहिलं नसेल तर तो पत्ता अर्धाच असतो. असे अर्धे पत्ते छापणं आपण सगळ्यांनीच थांबवायला हवं. यात मंडळांची संकेतस्थळं आली, गडकिल्ल्यांच्या याद्या आल्या आणि आपला हा ब्लॉगही आला.

ग्रिड म्हणजे नक्की काय?

ब्रिटनच्या नकाशांवर जी चौकटींची जाळी दिसते ती नॅशनल ग्रिड. गोल पृथ्वीचा एवढा तुकडा सपाट कागदावर पसरायचा, तर काहीतरी ताणावं किंवा दाबावं लागतंच. इथे त्यासाठी ट्रान्सव्हर्स मर्केटर हे प्रक्षेपण वापरतात. त्याचा मूळ बिंदू ४९ अंश उत्तर आणि २ अंश पश्चिम. पण तिथूनच मोजायला सुरुवात केली तर पश्चिमेकडचे आकडे ऋण येतील. म्हणून मोजणीचा आरंभ त्या बिंदूपासून ४०० किलोमीटर पश्चिमेला आणि १०० किलोमीटर उत्तरेला, सिली बेटांच्याही पलीकडे समुद्रात सरकवला आहे. तिथून पूर्वेला किती मीटर ते ईस्टिंग, आणि उत्तरेला किती मीटर ते नॉर्दिंग.

मोठे आकडे तोंडी सांगायला अवघड, म्हणून अक्षरं. पहिलं अक्षर ५०० किलोमीटरचा चौरस सांगतं, दुसरं त्याच्या आतला १०० किलोमीटरचा. प्रत्येक मोठ्या चौरसात पाच गुणिले पाच असे पंचवीस छोटे चौरस. इंग्रजी अक्षरं सव्वीस, म्हणून 'आय' गाळलं आहे. बेन नेव्हिसच्या शिखराचा संदर्भ एनएन १६६ ७१२. त्यातल्या 'एनएन'चा अर्थ पूर्वेला २०० किलोमीटर आणि उत्तरेला ७०० किलोमीटर. म्हणजे पूर्ण आकडे झाले २१६६०० आणि ७७१२००. इथपर्यंत सगळं शाळेतल्या आलेख-कागदासारखं सोपं आहे.

आता यावरून अक्षांश-रेखांश काढायचे. इथेच दोन स्वतंत्र कामं एकात एक मिसळतात.

पहिलं काम: सपाट कागद पुन्हा गोलावर गुंडाळायचा. प्रक्षेपणाची सूत्रं उलटी चालवली की ईस्टिंग-नॉर्दिंगवरून अक्षांश-रेखांश मिळतात. सूत्रं लांबलचक आहेत, पण एक्सेलमध्ये बसतात. काकांनी एवढं केलं, अगदी चोख केलं, आणि थांबले.

दुसरं काम: हे अक्षांश-रेखांश ज्या गोलावर मिळाले तो गोल आणि तुमच्या फोनमधला गोल एकच आहेत का, हे पाहायचं. ते एक नाहीत. त्यामुळे एका गोलावरून दुसऱ्यावर जायची आणखी एक पायरी चढावी लागते. ही पायरी राहिली तरी उत्तर अगदी खऱ्यासारखं दिसतं. अंश, मिनिटं, सेकंद सगळं जागच्या जागी असतं. धोका नेमका यातच आहे.

१८३० सालचे दोन गोल

पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित दबलेली आहे हे आपण लहानपणी शिकलो. पण किती मोठी आणि किती दबलेली, याचं उत्तर कोणी, कुठे मोजलं यावर ठरत आलं. ब्रिटनच्या ग्रिडखाली जो गोल आहे तो जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञाचा, सन १८३०. त्याची विषुववृत्तीय त्रिज्या ६३,७७,५६३ मीटर. त्याच १८३० साली जॉर्ज एव्हरेस्टनं हिंदुस्थानातल्या मोजणीवरून काढलेले आपले आकडे लंडनमध्ये प्रसिद्ध केले. त्याच्या गोलाची त्रिज्या ६३,७७,२७६ मीटर. आज उपग्रहांच्या मदतीनं ठरवलेल्या आणि जीपीएस ज्याच्यावर चालतं त्या डब्ल्यूजीएस ८४ या गोलाची त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर.

म्हणजे एअरीचा गोल आजच्यापेक्षा ५७४ मीटरनं लहान आणि एव्हरेस्टचा ८६१ मीटरनं. त्यांनी निष्काळजीपणा केला असं मुळीच नाही. एअरी-एव्हरेस्टच्या काळात महासागर ओलांडून मोजता येत नव्हतं. जेवढ्या जमिनीची मोजणी हाताशी होती, तिला नीट बसेल असा गोल त्यांनी बेतला. आपल्या अंगाला मापात शिवलेला सदरा दुसऱ्याला घट्ट किंवा ढगळ होतो, तसंच. आणि या जुन्या गोलांचं केंद्र पृथ्वीच्या खऱ्या केंद्रावर बसत नाही. ब्रिटनचा गोल तिथून काही शे मीटर सरकलेला आहे.

नुसता गोल म्हणजे डेटम नव्हे. गोल कोणता, तो पृथ्वीला नेमका कुठे टेकवला, आणि जमिनीवरच्या कोणत्या खुणांना कोणते आकडे दिले, हे सगळं मिळून डेटम होतो. ब्रिटनचा डेटम म्हणजे ओएसजीबी ३६. यातला ३६ म्हणजे १९३६. त्या वर्षी मार्टिन हॉटिन यांच्या नेतृत्वाखाली साऱ्या देशाची नव्यानं त्रिकोणी मोजणी सुरू झाली आणि ती १९६२ पर्यंत चालली. डोंगरमाथ्यांवर साडेसहा हजारांच्या आसपास काँक्रीटचे खांब उभारले गेले. इथे भटकणाऱ्या प्रत्येकानं त्या ट्रिग पिलरला पाठ टेकून डबा खाल्लेला असतो. ते खांब म्हणजे त्या डेटमचे खिळेच.

पाहुण्यांना ग्रिनिचला नेलेल्यांना डेटमचा अनुभव कधी ना कधी आलेला असतो. पितळी पट्टीच्या दोन बाजूंना दोन पाय ठेवून फोटो काढतात, आणि मग कोणीतरी फोन बघून विचारतं, "अरे, इथे शून्य का दाखवत नाहीये?" फोनचं शून्य त्या पट्टीच्या पूर्वेला १०२ मीटरवर, बागेत आहे. गंमत म्हणजे ऑर्डनन्स सर्व्हेचं शून्य त्या पितळी पट्टीवरही नाही. ते त्याच आवारात पट्टीच्या पश्चिमेला सुमारे सहा मीटरवर, ब्रॅडलीच्या जुन्या दुर्बिणीच्या जागी आहे. एका आवारात तीन शून्यं, आणि आपापल्या जागी तिन्ही बरोबर.

एका पाण्याच्या टाकीची गोष्ट

आकड्यांत सांगितल्याशिवाय पटत नाही. नॉरफोकच्या किनाऱ्यावर कॅस्टर इथे एक पाण्याची टाकी आहे. तिचा संदर्भ टीजी ५१४०९ १३१७७, म्हणजे ईस्टिंग ६५१४०९ आणि नॉर्दिंग ३१३१७७. फक्त पहिलं काम केलं, तर उत्तर येतं ५२ अंश ३९ मिनिटं २७.२५ सेकंद उत्तर आणि १ अंश ४३ मिनिटं ४.५२ सेकंद पूर्व. दुसरंही काम केलं, तर ५२ अंश ३९ मिनिटं २८.७२ सेकंद उत्तर आणि १ अंश ४२ मिनिटं ५७.७९ सेकंद पूर्व.

अक्षांशात दीड सेकंदाचा फरक म्हणजे ४५ मीटर. रेखांशात पावणेसात सेकंदांचा फरक म्हणजे त्या ठिकाणी जवळपास १२६ मीटर. दोन्ही मिळून टाकी साधारण १३४ मीटर सरकली. टाकी मोठी आहे, दुरून दिसेल. धुक्यातलं फाटक दिसत नाही.

हा फरक सगळीकडे सारखा असता तरी एकदाच पाठ करून ठेवता आला असता. तसं नाही. पूर्व-पश्चिम फरक कॉर्नवॉलकडे ७० मीटरच्या आसपास, तो वाढत वाढत पूर्व किनाऱ्यावर १२० मीटरच्या घरात जातो. उत्तर-दक्षिण फरक दक्षिण कॉर्नवॉलमध्ये ७० मीटर, स्कॉटलंडच्या सीमेपाशी शून्य, आणि त्याच्याही उत्तरेला उलट दिशेनं वाढत जातो. म्हणून "आकड्यात अमुक मिळवा" असा सोपा तोडगा चालत नाही.

मग दुसरं काम करायचं कसं? एक सोपी रीत आहे आणि एक पक्की. सोप्या रीतीत बिंदू पृथ्वीच्या केंद्रापासून मोजलेल्या तीन लांबींत मांडतात, त्या लांबी ठरावीक मीटरनं सरकवतात (४४६, उणे १२५ आणि ५४२), अगदी थोडं फिरवतात, मोजपट्टी दहा लाखांत वीस भागांनी बदलतात आणि परत अक्षांश-रेखांशात येतात. यातून पाच मीटरच्या आसपास अचूकता मिळते. भटकंतीला ती भरपूर झाली.

पक्की रीत मात्र मला फार आवडते. ऑर्डनन्स सर्व्हेनं देशाच्या पटावर दर किलोमीटरला एक असे पावणेनऊ लाखांच्या आसपास बिंदू घेऊन, प्रत्येक बिंदूपाशी किती सरकवायचं याचा तक्ता केला आहे. त्याचं नाव ओएसटीएन १५. तो २०१६ पासून सर्वांना मोफत मिळतो. त्यातून अचूकता दहा सेंटीमीटरच्या आसपास येते. पण या तक्त्याचा खरा अर्थ वेगळाच आहे. १९३६ च्या मोजणीत जिथे जिथे थोडाफार ताण पडला, दुर्बिणीतून कोन घेताना केसभर चूक झाली, ती सगळी वाकडीतिकडी वळणं या तक्त्यात जपून ठेवली आहेत. आता डेटमचा आधार डोंगरावरचे खांब नाहीत. उपग्रहांवरून बिंदू ठरवायचा आणि तक्ता लावून ग्रिडवर यायचं, अशी उलटी गंगा आहे. जुन्या चुका पुसून टाकल्या असत्या तर प्रत्येक जुना नकाशा, प्रत्येक दस्तऐवज एका रात्रीत थोडा थोडा खोटा ठरला असता. म्हणून चुका दुरुस्त न करता त्यांची नोंद ठेवली. मला हे शहाणपणाचं वाटतं.

"फोन आहे ना, मग कशाला?"

हा प्रश्न मला आमच्याच गटातल्या एका तरुणीनं विचारला, आणि तो वाजवी आहे. फोनवरचं चांगलं ॲप ही दोन्ही कामं गुपचूप करतं. मग सामान्य माणसानं डेटमचं ओझं का वाहायचं? आणि त्यापुढचं: ग्रिड हवीच कशाला? सगळं जग अक्षांश-रेखांशावर चालतं, तर ही जुनी जाळी गुंडाळून का ठेवू नये?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ग्रिड मीटरमध्ये आहे. दोन संदर्भांची वजाबाकी केली की किती पूर्वेला, किती उत्तरेला ते लगेच कळतं. पायथागोरसनं अंतर निघतं. प्रक्षेपणामुळे येणारा फरक किलोमीटरमागे फार तर चाळीसेक सेंटीमीटरचा. अंशांचं तसं नाही. रेखांशाचा एक अंश पुण्यात साधारण १०५ किलोमीटरचा, लंडनमध्ये ६९ चा, शेटलंडमध्ये ५६ चा. डोंगरावर बोटं गारठलेली असताना हा हिशेब कोणी करत नाही. शिवाय दोन अक्षरं आणि सहा आकडे फोनवर बोलून सांगता येतात. इथे डोंगरात अडचण आली तर ९९९ ला फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू मागायचं असतं. त्या वेळी ग्रिड संदर्भ तोंडी सांगणं दशांश चिन्हांच्या माळेपेक्षा पुष्कळ सोपं. उणे चिन्ह विसरायची भीतीही नाही. बेन नेव्हिसचा रेखांश ५ अंश पश्चिम. उणे चिन्ह गळलं की शिखर थेट उत्तर समुद्रात.

आता पहिला प्रश्न. फोन त्याच्यापुरतं बरोबर करतो, हे खरं. पण आपण फोनला जो आकडा खायला घालतो तो कुठून आला, हे फोनला कळत नाही. तो प्रत्येक आकडा डब्ल्यूजीएस ८४ चा समजून चालतो. जुन्या नकाशाच्या कडेला छापलेला आकडा असो, कुणाच्या एक्सेलमधला असो, फोन तक्रार न करता टाचणी रोवतो.

आणि हे जुनं दुखणं आहे असंही नाही. ऑर्डनन्स सर्व्हेनं २०१५ पासून आपल्या भटकंतीच्या नकाशांवर कडेचे अक्षांश-रेखांश नव्या डेटमवर छापायला सुरुवात केली. तोवर ते जुन्यावर होते. ग्रिड मात्र तसूभरही हलली नाही. म्हणजे एकाच भागाच्या, एकाच नावाच्या दोन आवृत्त्या घरात असतील, तर ग्रिड संदर्भ दोन्हींवर एकच येईल, पण कडेला छापलेल्या खुणांवरून काढलेले अक्षांश-रेखांश वेगळे येतील. "अक्षांश-रेखांश शाश्वत आणि ग्रिड तात्पुरती" असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हे उदाहरण पुरेसं आहे.

खोटे दशांश

डेटमइतकाच दुसरा घोळ अचूकतेचा. सहा आकड्यांचा ग्रिड संदर्भ कधीच एक बिंदू नसतो. तो शंभर मीटरचा चौरस असतो, आणि आकडे त्या चौरसाच्या नैर्ऋत्य कोपऱ्याचे असतात. चार आकडी संदर्भ एक किलोमीटरचा चौरस, आठ आकडी दहा मीटरचा, दहा आकडी एक मीटरचा. आता सहा आकडी संदर्भ रूपांतराच्या यंत्रात घातला की बाहेर काय येतं? अंशाचे आठ दशांश. आठवा दशांश म्हणजे एक मिलिमीटर! शंभर मीटरचा चौरस आत गेला आणि मिलिमीटरचा बिंदू बाहेर आला. ही अचूकता यंत्रानं आणली कुठून? कुठूनही नाही. ती नुसती शाई आहे.

आमच्या फाटकाच्या बाबतीत हेही झालंच होतं. संदर्भ सहा आकडी होता, काकांनी चौरसाचा कोपरा घेतला होता, मध्यबिंदू नव्हे. मध्यबिंदू घ्यायचा तर दोन्हीकडे ५० मीटर मिळवायला हवे होते. डेटमची चूक दुरुस्त झाली असती तरी टाचणी फाटकापासून काही पावलं दूरच राहिली असती, आणि त्यात काकांचा दोष नव्हता. दोष "हे ५० मीटर इकडेतिकडे" असं न लिहिण्याचा.

या प्रश्नाचं उत्तर शोधायला कुठे लांब जायला नको. ब्रिटनमधले वनस्पती आणि पक्षी नोंदवणारे हौशी लोक पिढ्यान्‌पिढ्या ग्रिडवर नोंदी करत आले आहेत. १९६२ साली निघालेला ब्रिटिश वनस्पतींचा नकाशासंग्रह दहा किलोमीटरच्या चौरसांवर बेतला होता. अशी नोंद जशीच्या तशी बिंदूत बदलली, तर किनाऱ्यावरची रानफुलं समुद्रात उगवू लागतात. म्हणून आज जीवशास्त्राच्या नोंदींसाठी जगभर जो डार्विन कोअर नावाचा साचा वापरतात, त्यात अक्षांश आणि रेखांशाच्या शेजारी आणखी दोन रकाने आहेत: डेटम कोणता, आणि अनिश्चितता किती मीटर. पानाफुलांची नोंद करणाऱ्यांना जे सुचलं ते माणसांची वाट दाखवणाऱ्यांना सुचायला हरकत नाही.

जमिनीच्या कागदांबाबतही एक सावधगिरी. आपल्यापैकी अनेकांनी इथे घरं घेतली आहेत. कुंपणावरून शेजाऱ्याशी वाजलं की लोक लॅंड रजिस्ट्रीचा आराखडा काढतात, कोपऱ्याचे ग्रिड आकडे मोजतात, अक्षांश-रेखांशात बदलतात आणि फोन घेऊन बागेत उभे राहतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्या आराखड्यावरची रेघ कायद्यानंच 'सर्वसाधारण सीमा' असते, नेमकी सीमा नव्हे. जे मुळातच नेमकं नाही ते रूपांतरानं नेमकं होत नाही. त्यावरून पाच-दहा मीटर चुकू शकणाऱ्या फोनच्या साक्षीनं भांडणं तर अगदीच व्यर्थ.

आणि आपल्याकडे?

हे सारं ब्रिटनपुरतंच असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. एव्हरेस्टचा गोल आठवा. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या जुन्या टोपोशीट त्याच गोलावर आधारलेल्या आहेत. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर नागरिकांसाठी निघालेली ओपन सीरिज डब्ल्यूजीएस ८४ वर आली. जुन्या शीटवरून वाचलेले अक्षांश-रेखांश फोनमध्ये घातले, तर महाराष्ट्रात जागा शंभर मीटरांच्या वर सरकते. पीक डिस्ट्रिक्टमध्ये शंभर मीटर म्हणजे मेंढ्यांचं रान. सह्याद्रीत शंभर मीटर म्हणजे कधी कधी कड्याचा माथा आणि कड्याचा तळ.

आपल्यापैकी कितीतरी जण सुट्टीत जातात तेव्हा मुलांना गडांवर नेतात. जायच्या आधी इंटरनेटवर याद्या शोधतात. पाण्याची टाकी कुठे, वाट कुठे फुटते, गुहा कुठे, सगळ्यांचे आकडे असतात. कोणी टोपोशीटवरून घेतलेले, कोणी जीपीएस घेऊन चालत जाऊन नोंदवलेले, कोणी उपग्रहाच्या चित्रावर बोट ठेवून काढलेले. ते सगळे एकाच रकान्यात शेजारी शेजारी बसलेले असतात आणि कोणता आकडा कुठला हे ओळखायला काही मार्ग नसतो. ही मेहनत मोलाची आहे. लोकांनी स्वतःच्या पायांनी ती केली आहे. एका शब्दाच्या अभावी तिचं मोल कमी होतं, याचं वाईट वाटतं.

काळाचाही एक मुद्दा आहे, पण तो छोटा. जमीनही स्वस्थ बसत नाही. युरोप वर्षाला अडीच सेंटीमीटर सरकतो, भारत साधारण पाच. युरोपात त्यासाठी खंडाबरोबर सरकणारा वेगळा डेटम वापरतात. तो १९८९ साली जागतिक डेटमशी जुळवला होता; आज दोघांत पाऊण मीटरहून जास्त अंतर पडलं आहे. वाट शोधणाऱ्याला याची फिकीर नको. पण पूल बांधणाऱ्याला आणि मोजणीदाराला साल लिहावंच लागतं.

तर काय करायचं?

फार नाही. कुठेही अक्षांश-रेखांश छापताना तीन गोष्टी लिहायच्या. मूळ संदर्भ जसा मिळाला तसा, न बदलता. रूपांतर केलं असेल तर डेटमचं नाव. आणि किती मीटरपर्यंत विश्वास ठेवायचा तो आकडा. पाण्याच्या टाकीचं उदाहरण घेतलं तर एवढीच ओळ: "टीजी ५१४०९ १३१७७, ब्रिटिश नॅशनल ग्रिड; डब्ल्यूजीएस ८४ वर ५२.६५७९८ उत्तर, १.७१६०५ पूर्व, सुमारे ५ मीटरपर्यंत." अंशाचे पाच दशांश म्हणजे एक मीटर. माणसांसाठी त्यापुढचे दशांश छापूच नयेत.

मूळ संदर्भ न पुसण्याचा आग्रह मी मुद्दाम धरतो. रूपांतराची रीत उद्या सुधारेल, आजची चूक उद्या कळेल. मूळ आकडा शिल्लक असेल तर कोणालाही पुन्हा करून बघता येईल. तो फेकून फक्त उत्तर ठेवलं तर दुरुस्तीची वाटच बंद. आणि कोणी अनोळखी आकडा दिला तर विचारायला लाजू नका: "हा कुठल्या डेटमवरचा?" समोरच्याला माहीत नसेल तर तेही कळलेलं बरं. मग त्या आकड्याच्या भरवशावर धुक्यात निघायचं की नाही, ते आपल्याला ठरवता येतं.

काकांना मी हे सगळं दाखवलं तेव्हा ते बराच वेळ पडद्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर बरोबर काढलं होतं." त्यांच्या एक्सेलमध्ये आता दुसरी पायरी आहे, आणि शेजारी दोन नवे रकाने आहेत. मार्चमध्ये पुन्हा जायचं ठरतंय. भेटायची जागा काकाच पाठवणार आहेत, आणि या वेळी कोणी तक्रार केली तरी ग्रिड संदर्भासकट.